छळातही टिकणारी आशा

संपादक महोदय,

ख्रिस्ती माणसाने छळ हसतमुखाने सोसावा, असे वरचेवर सांगितले जाते. मला हे अर्धवट वाटते आणि दुःखात होरपळणाऱ्यावर त्याने अन्यायही होतो. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ असा टाहो वधस्तंभावर खुद्द येशूने फोडला होता. तेव्हा आक्रोश म्हणजे अविश्वास नव्हे.

बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात फिलिप्पै शहराच्या तुरुंगाचे वर्णन आहे. छड्यांचा मार खाल्लेला, पाय खोड्यात अडकवलेले, अशा अवस्थेत येशूचा संदेश सांगत फिरणारे पौल आणि सीला मध्यरात्री प्रार्थना करून स्तोत्रे गात होते आणि बाकीचे कैदी कान देऊन ऐकत होते. त्यानंतरचा भूकंप सर्वांच्या लक्षात राहतो. माझे मन मात्र त्याच रात्री त्यांच्या जखमा धुणाऱ्या तुरुंगाधिकाऱ्यापाशी घुटमळते, कारण पायांत खोडा घालणारा तोच होता. संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा, हा क्रम पौलाने रोमकरांस, म्हणजे रोममधील ख्रिस्ती लोकांना, पत्रात लिहिला तो अनुभवातून.

हिटलरच्या राजवटीला विरोध करणारे जर्मन पाळक (ख्रिस्ती धर्मगुरू) डीट्रिश बोनहॉफर यांचा तुरुंग भूकंपाने उघडला नाही. ८ एप्रिल १९४५ रोजी त्यांनी सोबतच्या कैद्यांसाठी उपासना घेतली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना फाशी देण्यात आले. त्यांची आशा सुटकेवर नव्हे, पुनरुत्थानावर होती.

म्हणून छळ सोसणाऱ्यांना दुरून धीर देण्यापेक्षा, आपणही त्यांच्यासोबत बंदिवान आहोत असे समजून ख्रिस्ती मंडळ्यांनी त्यांच्यासाठी नावानिशी प्रार्थना करावी आणि त्यांच्या कुटुंबीयांजवळ जाऊन बसावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक