मॅडम, तुमचा टॉवेल आमच्याकडे राहिलाय

मॅडम, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. सरकारी माणसाचं चारचौघांत कौतुक केलं तरी कधी कधी त्याचाच त्याला ताप होतो, असं आमच्या गल्लीतले निवृत्त मास्तर म्हणाले. पण वाचलंत की तुम्हाला कळेलच. खानापूर तालुक्यातला गिरणवाला, रविवारी रात्री पावसातून मोटारसायकलवर आलेला. पुढं टाकीवर नऊ वर्षांची पोर, मागं बायको आणि तिच्या मांडीवर पोत्यात गुंडाळलेली टिकली, आमचं कुत्रीचं पिल्लू. तो मी.

टिकली पावणेचार महिन्यांची होती. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. पण दिवसभर गिरणीत पोत्यांवर लोळून सगळीच पांढरी व्हायची आणि मग ठिपका शोधावा लागायचा. संध्याकाळी पोर शाळेतून आली की आधी तिला झटकायची, ठिपका दिसला की म्हणायची, 'हां, आमचीच आहे.' मेव्हण्यानं आणून दिली तेव्हा छाती फुगवून सांगितलं होतं, मुधोळची आहे, 2005 साली पोस्टाच्या तिकिटावर आलेली जात. हाडापेरावरून मला तर निम्मीसुद्धा मुधोळ वाटली नाही. तुम्ही स्वतः बागलकोटकडच्या, मुधोळ तुमच्याच जिल्ह्यातलं, तुम्हाला एका नजरेत कळलं असणार. तरी कागदावर जात लिहायची वेळ आली आणि पोर म्हणाली 'मुधोळ', तेव्हा तुम्ही मान खाली घालून गुमान 'मुधोळ' लिहिलंत.

त्या दिवशी तुमच्याकडे यायच्या आधी आम्ही बेळगावात दोन दारं वाजवून आलो होतो. शनिवारपासून तिनं तोंडाला काही लावलं नव्हतं, आधी पिवळा फेस ओकली, मग रक्ताची जुलाबं. पहिल्या ठिकाणी काचेच्या दारातूनच हात हलवला, 'पार्वो दिसतोय, आत आणू नका.' आत आणू दिलं नाही याचा राग नाही. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागतो, आत बाकीची कुत्री असतील. पण दाराबाहेर दोन पावलं येऊन तिच्याकडं बघायला काय जात होतं? दुसरीकडं आधी पैसे घेतले आणि मग म्हणाले, 'गावठीच आहे, कशाला खर्चात पडताय? दुसरं आणा की!' हे पोरीच्या समोर. तिनं पोत्याचं तोंड दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं, टिकलीला ऐकू जाऊ नये म्हणून.

तुमचा दवाखाना गायीम्हशींचा. बंदही झालेला. मागच्या क्वार्टरचं दार वाजवलं तर तुम्ही तशाच बाहेर आलात, हाताला पीठ. ज्वारीचं होतं. माझा धंदाच तो, दिव्याच्या उजेडातसुद्धा कळतं. भाकरी तव्यावर होती की काय, देव जाणे. तुम्ही काही न बोलता हात धुतलेत, कुलूप काढलंत आणि फरशीवर मांडी घालून बसलात. आणि पहिला प्रश्न विचारलात तो पोरीला. 'हेसरेनु?' पोर शाळेत कन्नड शिकते, तिला कळलं. तिनं टिकलीचं नाव सांगितलं. तुम्ही तिचं विचारत होता की टिकलीचं, हे मला अजून कळलेलं नाही. तेव्हापासून रात्रभर तुम्ही तिला टिकलीच म्हणालात. त्या दिवसभरात तिला नावानं हाक मारणारं आमच्याशिवाय कुणी भेटलं नव्हतं.

पुढचं सगळं लिहीत बसत नाही. औषधाच्या दुकानदाराला उठवून तान्ह्या पोरांची सुई आणवलीत, खिडकीच्या गजाला सलाईन बांधलंत, गरम पाण्याच्या बाटल्या कापडात गुंडाळून तिच्या पोटाशी ठेवल्यात. या रोगावर असं रामबाण औषध नाही, अंगातलं पाणी टिकवायचं आणि वाट बघायची, हे तुम्ही लपवलं नाहीत. तुमचं मराठी आमच्या कन्नडसारखंच, मोडकं. 'मी बघतो, पण आशा कमी आहे.' लाईट दोनदा गेली. तीनच्या सुमाराला टिकली गेली.

आणि आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलंय ते. तुम्ही तिच्या पायातली सुई काढलीत. मला वाटलं, झालं आता. पण तुम्ही कापूस घेतलात, त्या जागी दाबून धरलात आणि वर चिकटपट्टी लावलीत. नीट, कडा बोटानं दाबून दाबून, जिवंत पोराला लावतात तशी. मेलेल्या कुत्र्याला पट्टी कशाला, असं माझ्या मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू. मग बघितलं, पोर त्या पायाकडंच बघत होती. तिनं विचारलं, 'आता दुखणार नाही ना?' तुम्ही म्हणालात, 'नाही, आता नाही दुखत. अळब्याड.' रडू नको. मग कोमट पाण्यानं तिची शेपटी धुतलीत, रक्त सगळं काढलंत आणि तुमच्या घरातल्या निळ्या टॉवेलात गुंडाळून पोरीच्या हातात दिलीत. पोरीनं टॉवेल थोडा सारला, ठिपका बघितला आणि परत झाकला.

मॅडम, मी दर वर्षी 1 नोव्हेंबरला दंडाला काळी फीत बांधून फेरीत चालणारा माणूस. माझे वडील चालायचे, मीही चालतो, पुढंही चालीन. 1956 साली आमचा मराठी मुलूख कन्नड राज्यात घातला, ते दुखणं एका रात्रीत बरं होत नाही. पण त्या रात्री मी तुमच्याशी कुठल्या भाषेत बोलत होतो हे मला खरंच आठवत नाही. बायको म्हणते, अर्धं कन्नड बोलत होता. मला येत असलेलं सगळं कन्नड म्हणजे पीठ जाड की बारीक, एवढंच. तेवढ्यात रात्र कशी निघाली कुणास ठाऊक.

एक टोचणी राहिली, तीही लिहितो, कुणा दुसऱ्याच्या उपयोगी पडेल. आम्ही एकच इंजेक्शन दिलं होतं, दीड महिन्याची असताना, आणि झालं म्हणून बसलो. आईच्या दुधातून आलेली ताकद अंगात असेपर्यंत लस धड लागू पडत नाही, म्हणून तीन-चार आठवड्यांनी परत परत द्यायची असते, पिल्लू चार महिन्यांचं होईपर्यंत, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा कळलं. पहिलं इंजेक्शन देणाऱ्यानं सांगितलं नाही. आणि मी विचारलं नाही. ज्यांच्याकडं पिल्लं आहेत त्यांनी आजच कार्ड काढून बघा. तुम्ही मात्र मला एका शब्दानं बोलला नाहीत, त्याचं मला जास्त लागलं.

टिकलीला शेताच्या बांधावर फणसाखाली पुरली, खोल, वर चुना टाकून. ती पट्टी पोरीनं काढू दिली नाही. मातीत हे विष कित्येक महिने राहतं म्हणून एवढ्यात दुसरं पिल्लू आणू नका म्हणालात, ते आम्ही पाळतोय. मेव्हणा दोनदा फोन करून गेला, त्याला नाही म्हटलं. गिरणीतल्या ज्या पोत्यांवर ती झोपायची ती जाळली.

टॉवेल तेवढा परत द्यायचा राहिलाय. पुरताना बायकोनं काढून घेतला, दुसऱ्याची वस्तू म्हणून. तुम्ही सांगितलंत तसा ब्लीचिंगच्या पाण्यात घातला, जरा जास्तच वेळ राहिला आणि मधोमध निळा रंग उडून पांढरा डाग पडलाय. बायको म्हणते, असा कसा द्यायचा, गणपत गल्लीतून नवीन घेऊ. पोर म्हणते, तोच द्यायचा. या बुधवारी दुपारी गिरण बंद असते, तेव्हा येतो. ज्वारी असेल दळायची तर डबा भरून ठेवा.