बोंडू आमचा, भट्टी त्यांची

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की तुमच्या पेपरात काजू बीच्या दराची बातमी येते, आयात बीमुळे दर कसा पडला वगैरे, ते सगळं बरोबरच आहे, पण ती बी ज्याला लटकलेली असते त्या बोंडवाबद्दल कोणी चार ओळी लिहीत नाही. वजनाला तो बीच्या पाच-सहा पट तरी असतो. आमच्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात बी पिळून काढायची आणि बोंडू तिथेच झाडाखाली टाकायचा, दुपारपर्यंत माशा घोंगावतात. गुरांना घातला तरी किती घालणार, जास्त झाला की गुरं पण झिंगतात, हसू नका, खरं सांगतोय.

माझी बहीण पलीकडे गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात दिलीय. बाग तशीच, माती तीच, फक्त मध्ये राज्याची हद्द. तिच्या वाडीवर सीझनला बोंडवाच्या दारूची भट्टी लागते. सकाळी बायका-पोरं गळून पडलेलेच बोंडू वेचतात, झाडावरचा काढत नाहीत कारण तो पुरता पिकलेला नसतो. मग कोळंबीत, म्हणजे दगडी कुंडात, टाकून पायाने तुडवायचे, चोथ्याचा ढीग करून वर दगड ठेवायचा आणि त्यातनं जो थेंब थेंब पडतो तो नीरो, तो नुसता प्यायला तर अहाहा. उरलेला रस दोन-तीन दिवस आंबवून भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, चढवतात. पहिल्या धारेचा हुर्राक, तो लिंबू, मीठ आणि उभी चिरलेली मिरची घालून प्यायचा, आणि परत गाळली की फेणी. भावोजी ग्लासात उंचावरून ओतून फेस किती टिकतो ते बघतात आणि मान हलवतात, तेच त्यांचं कडकपणा मोजायचं मशीन.

आता मुद्दा असा की त्या दोन-अडीच महिन्यांत अख्ख्या वाडीला काम असतं. वेचणाऱ्या बाईला पैसे, लाकूडवाल्याला पैसे, टेम्पोवाल्याला पैसे. संध्याकाळी भट्टीवर म्हातारे येऊन बसतात, कुणाच्या मुलीचं कुठे जमलं इथपासून ग्रामसभेत कोण काय बोललं इथपर्यंत सगळं तिथेच कळतं. फेणीला 2009 ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, 2016 ला गोवा सरकारने तिला हेरिटेज ड्रिंक केलं. आमच्याकडे तेच केलं तर हातभट्टी आणि गुन्हा. आमचा बोंडू टेम्पो भरून पलीकडे मिळेल त्या भावाला जातो, ते चालतं, बाटली होऊन परत आला की नाक्यावर पकडतात.

एप्रिल 2022 मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने काजू बोंडू आणि मोहाफुलांच्या दारूला देशीतून काढून 'विदेशी मद्य' असा दर्जा दिला. म्हणजे झाड माझ्या आजोबांनी लावलेलं आणि दारू विदेशी! असू दे, नाव काही पण द्या, पण वाडीवर पाच-सहा घरांनी मिळून छोटी भट्टी टाकायची तर लायसन कसं मिळतं हे मी एका ऑफिसात विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, कंपनी आहे का तुमची? बोंडू एका दिवसात आंबतो हो, कंपनी काढेपर्यंत थांबणार आहे का तो. द्राक्षवाल्यांना 2001 लाच वाइनचं धोरण मिळालं, नाशिकचं काय झालं ते सगळे बघतायत.

गावातल्या बायका विरोध करतील हे मला माहीत आहे आणि त्यांचं चुकत नाही, दारूपायी घरं बसलेली मी पण बघितलीत, माझ्या चुलत्याचंच बघितलंय. पण आज आडोशाला गूळ-नवसागराची जी गाळली जाते तिच्यावर कोणाचं लक्ष आहे? त्यापेक्षा सीझनपुरती, ठरलेल्या लिटरची, ग्रामसभेत बायकांचं मत घेऊन भट्टी द्या, त्या नको म्हणाल्या तर नको.

या विषयावर एकदा तुमचा बातमीदार पाठवा, मार्चच्या शेवटी पाठवा, रस्ता विचारावा लागणार नाही, वासावरून बाग सापडेल.

आपला,
एक काजू बागायतदार, ता. दोडामार्ग