तक्रार पत्र: क्वार्टर पॅनल वेल्ड न करता चिकटवून दिल्याबद्दल

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय: बिलात स्पॉट वेल्डिंग, गाडीत ॲडहेसिव्ह

महोदय,

तुमच्या वर्कशॉपने माझ्या गाडीचे मागचे डावे क्वार्टर पॅनल (मागच्या दारापासून चाकाच्या कमानीवरून जाणारा बाजूचा पत्रा) बदलून दिले. आत पाणी येते म्हणून दाराची रबर बीडिंग ओढून पाहिली. उजव्या बाजूच्या काठावर कारखान्यातल्या स्पॉट वेल्डचे (दोन पत्रे ठिपक्याठिपक्यांनी वितळवून जोडल्याचे) गोल खळगे ओळीने दिसतात. डाव्या बाजूला एकही नाही. काठ गुळगुळीत आणि दोन पत्र्यांच्या फटीतून करडा ॲडहेसिव्ह बाहेर येऊन वाळलेला. दाराखालच्या सिलच्या जोडावरही तेच. बिलात मात्र 'स्पॉट वेल्डिंग' हे कलम ठळक आहे. उलट चाकाच्या कमानीवर, जिथे ॲडहेसिव्ह चालला असता, तिथे वेल्डचे टाके मारलेत आणि आतून पत्रा आताच तांबूस पडायला लागलाय. वेल्डच्या उष्णतेने गंजापासून वाचवणारा जस्ताचा थर जळतो हे तुमच्या माणसांना मी सांगायला नको. जळलेल्या जागी आतून गंजरोधक मेण मारलेले नाही.

माझा ॲडहेसिव्हला विरोध नाही. दाराचा बाहेरचा पत्रा, काही गाड्यांत छताचा पत्रा अशा ठिकाणी कंपन्या स्वतःच तो सुचवतात: उष्णता नाही, पत्रा वाकत नाही, सांधाही बंद होतो. पण पिलर (दाराच्या काठाचा, छत पेलणारा खांब) आणि सिल अपघातात भार घेतात. तिथे काय वापरायचे हे गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेत लिहिलेले असते, ते वर्कशॉपने सोयीने ठरवायचे नसते.

तुमचे सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणाले, "साहेब, विमानंसुद्धा चिकटवतात." चिकटवतात, खरे आहे. पण पत्रा पत्र्यावरून सरकू पाहतो तेव्हा ॲडहेसिव्ह घट्ट धरतो. कडेपासून सोलला जाऊ लागला की तोच लवकर हार मानतो. म्हणूनच कारखान्यात पुष्कळ ठिकाणी तो आणि स्पॉट दोन्ही एकत्र असतात. शिवाय तिथला ॲडहेसिव्ह रंगाच्या भट्टीत पक्का होतो. वर्कशॉपमधल्या दोन घटकांच्या ॲडहेसिव्हला पत्रा उघडा घासलेला लागतो, आणि पक्का होईपर्यंत क्लॅम्प हलवायचे नसतात. माझ्या गाडीत फटीच्या कडेला जुना रंग तसाच दिसतो, मग त्याने धरले ते पत्र्याला की रंगाला?

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या टेक्ससमध्ये ज्युरीने एका दुरुस्ती केंद्रावर ३ कोटी १५ लाख डॉलरची जबाबदारी टाकली. त्या गाडीचे छत कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे वेल्ड करण्याऐवजी चिकटवले होते आणि पुढे अपघात झाला. हा प्रकार तुमच्या तांत्रिक विभागाला माहीत नसेल असे वाटत नाही.

'आणा गाडी, चार टाके मारून देतो' हा तुमचा तोडगा मला मान्य नाही. वाळलेल्या ॲडहेसिव्हवर वेल्ड मारला की उष्णतेने तो आजूबाजूलाही जळतो, म्हणजे उरलीसुरली पकडही जाते. पॅनल काढावे, जुना ॲडहेसिव्ह साफ करावा, पिलर व सिलचे जोड पुस्तिकेप्रमाणे पुन्हा करावेत आणि कमानीचा गंज काढून आतून संरक्षण द्यावे. हे सगळे विनाशुल्क. त्याआधी पुस्तिकेतले संबंधित पान, वापरलेल्या ॲडहेसिव्हचे नाव व बॅच क्रमांक आणि जॉब कार्डची प्रत लेखी द्यावी.

बीडिंगखालचे दोन्ही बाजूंचे फोटो सोबत जोडले आहेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी ग्राहक आयोगाकडे जाईन, तोपर्यंत गाडी चालवणार नाही.

आपला,
एक ग्राहक