मांगर आता रिकामा नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

दादाने अर्धं सांगितलं असेलच, बाकीचं मीच लिहिते. पुण्याची नोकरी सोडली. राजीनामा मंजूर झाला, आणि मी आपल्या मांगरात, त्या रिकाम्या पडलेल्या शेतघरात, स्केटबोर्ड बनवायला लागले आहे. बाबा, आधी हे ऐका: घरावर, बागेवर एक रुपयाचं कर्ज नाही. वर्षभराचा खर्च बाजूला काढून मगच ठरवलं. तुमच्या गुडघ्यासाठी ठेवलेल्या पैशांना हात लागलेला नाही.

माझ्या शिक्षणासाठी तुम्ही काय काय विकलंत ते मला ठाऊक आहे. ते शिक्षण वाया गेलेलं नाही. फळीच्या साच्याचं ड्रॉइंग मी स्वतः केलंय, वाकाचा मिलिमीटर न मिलिमीटर मोजून. आणि हा पोरखेळ नव्हे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये हा खेळ होता. २०२२ साली गुजरातच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत आपल्या पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने त्यात सुवर्णपदक घेतलं. माझ्याबरोबर खेळणारी सगळी बाहेरून फळ्या मागवतात आणि महिना महिना वाट बघतात.

फळी म्हणजे मेपलचे सात पातळ थर. थंडीच्या मुलखातलं झाड, सावकाश वाढतं, म्हणून लाकूड घट्ट. पाच थर उभे लावायचे, दोन आडवे. सगळे उभे लावले तर उडी मारून उतरताना फळी सरळ चिरते. ग्लू लावून साच्यात घालायचं, ट्रकच्या जॅकने दाबायचं, रात्रभर ठेवायचं. सकाळी काढली की दोन्ही टोकं वर वळलेली आणि मधे किंचित खोलगट. कड घासून गोल केली की बाबा, तुम्हीही दोनदा हात फिरवाल.

मेपल विकत आणते, पण रस्त्यावर फिरायच्या लांब फळ्यांना आपला माणगा बांबू. भरीव आणि लवचीक. बेटातले तीन वर्षांवरचेच काढलेत, कोवळ्यांना हात लावला नाही. बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या पाण्यात भिजवून वाळवते, म्हणजे भुंगा लागत नाही. पावसात लाकूड ओल धरतं, ग्लू नीट बसत नाही, म्हणून ते चार महिने दाबकाम बंद आणि विक्री चालू.

तुम्ही करून दिलेला बेरिंगचा गाडा आठवतो? गॅरेजातली जुनी बेरिंगं, फणसाची फळी, पुढे दोरी. सड्याच्या उतारावर दादा पाय टेकायचा, मी कधीच नाही. आई, तू पदराने माझे गुडघे पुसत ओरडायचीस आणि दुसऱ्या दिवशी परत सोडायचीस. स्केटबोर्डच्या चाकातही बेरिंगच असतं, २२ मिलिमीटरचं. पहिल्यांदा तळहातावर घेतलं तेव्हा तुमचीच आठवण आली.

मी एकटी नाही. काकी रात्री झोपायला येते, आणि येताना सोलकढी आणते. 'जेवलंस काय' याचं उत्तर रोज 'हो' आहे. घासताना तोंडाला मास्क असतो. तुळशीपुढे दिवा लागतो, मोहोरावरची फवारणी झाली. आजोबांचा नांगर पडवीत नीट टांगलाय. तुमची खोली होती तशीच आहे. फक्त संडासात कमोड आणि धरायला दांडा बसवून घेतलाय.

बाबा, व्यायाम चुकवायचा नाही. मांडी घालून बसायचं नाही, जेवायलाही नाही. काठीशिवाय बाथरूममध्ये गेलात असं वहिनीकडून कळलं तर मी तिथे येऊन भांडेन. आई, बीपीची गोळी सकाळच्या चहाच्या कपाशेजारीच ठेव, आणि वहिनीला मदत म्हणून तासन्‌तास उभी राहू नकोस, तुझ्या पायांना सूज येते. चिडला असाल तर चिडा, पण गोळ्या घ्या.

आणि मला बघायला म्हणून घाईने एसटीत बसायचं नाही. डॉक्टर हो म्हणाले की दादाला तारीख सांगा. कोकणकन्याचे खालचे दोन बर्थ मी काढते आणि न्यायला ठाण्याला स्वतः येते.

तुमचीच,
बाबी