गोळ्या पाच झाल्या की सहा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला 'डर्टी हॅरी' मालिकेवरचा पानभर लेख वाचला. पन्नास वर्षांहून जुन्या पोलीसपटासाठी आणि त्याच्या पुढच्या भागांसाठी आपण एवढी जागा दिलीत, त्याबद्दल आधी आभार मानतो. पण त्या पानाचा मथळा चुकला आहे आणि मथळ्याखालचा फोटोही चुकला आहे. या दोन चुकांमुळे पहिल्या चित्रपटाचा कणाच लेखातून निसटला आहे, म्हणून हे पत्र.

मथळा आहे 'डू यू फील लकी, पंक?' हे वाक्य चित्रपटात नाही. हॅरी कॅलहन, म्हणजे क्लिंट ईस्टवुडने रंगवलेला सॅन फ्रान्सिस्कोचा पोलीस, समोरच्याला सांगतो की तुला स्वतःला एकच प्रश्न विचारायचाय, 'डू आय फील लकी?' आणि मग 'वेल, डू या, पंक?' असं उत्तर मागतो. 'आय' आणि 'यू' मध्ये काय एवढं, असं कुणी म्हणेल. सगळं त्यातच आहे. धमकी देणारा पोलीस 'तुला काय वाटतं' एवढंच विचारतो. हा पोलीस समोरच्याला त्याच्याच मनात डोकावायला लावतो. बंदूक हाताच्या अंतरावर पडली आहे, ती उचलायची की नाही हे ठरवणं त्या माणसावर सोडलेलं आहे.

त्यातच गोळ्यांचा हिशेब आहे, ज्याचा लेखात उल्लेखही नाही. हॅरीच्या हातात स्मिथ अँड वेसनचं मॉडेल २९, .४४ मॅग्नमचं रिव्हॉल्व्हर. चक्रीत सहा गोळ्या, सातवी नाही. म्हणून 'मी सहा झाडल्या की पाचच' या हॅरीच्या प्रश्नाला अर्थ आहे. बँकेबाहेरच्या प्रसंगात, तोंडातला हॉट डॉगचा घास चावत चावत, तो हे सगळं जवळजवळ गंमतीत बोलतो. जखमी दरोडेखोर हात मागे घेतो, पण खरं काय ते कळल्याशिवाय त्याला राहवत नाही. तो विचारतो. हॅरी वळतो, नेम धरतो, चाप दाबतो. टक्. चक्री रिकामी. म्हणजे सहाही झाल्या होत्या.

तेच बोलणं शेवटी खाणीतल्या पाण्याकाठी पुन्हा येतं. शब्द जवळजवळ तेच, पण आता दात आवळलेले, आवाजात राग. समोर स्कॉर्पिओ, हॅरी चित्रपटभर ज्याच्या मागावर आहे तो खुनी. तो बंदुकीकडे झेपावतो आणि या वेळी गोळी असते. प्रेत पाण्यात पडतं, हॅरी खिशातून बिल्ला काढतो, क्षणभर पाहतो आणि पाण्यात भिरकावतो. दिग्दर्शक डॉन सीगलने १०२ मिनिटांचा चित्रपट या दोन प्रसंगांच्या मध्ये ताणून धरला आहे. पहिल्यात रिकामी चक्री आणि विनोद, दुसऱ्यात भरलेली चक्री आणि राजीनामा. आपल्या लेखकाने दोन्ही प्रसंग एकत्र करून 'हॅरी सहाव्या गोळीने दरोडेखोराला संपवतो' असं लिहिलं आहे. बँकेजवळचा तो दरोडेखोर मरत नाही. उलट हॅरी निघून जाताना तोच हॅरीला शिवी घालतो.

आता फोटो. '१९७१ च्या चित्रपटातील गाजलेला क्षण' अशी ओळ छापली आहे. फोटोतलं शस्त्र नीट पाहा. पांढरट स्टीलचं, चौकोनी बांध्याचं, आणि त्याला चक्रीच नाही. ते ऑटोमॅग पिस्तूल आहे. हॅरीच्या हातात ते १९८३ च्या 'सडन इम्पॅक्ट' मध्ये येतं. त्याच्या मॅगझिनमध्ये सात गोळ्या बसतात. ते हातात घेऊन 'पाच की सहा' विचारण्यात काही अर्थच उरत नाही. ओळखायला कठीण नव्हतं. चक्री नाही म्हणजे तो पहिला चित्रपट नाही, इतकी सोपी खूण आहे.

लेखकाचं दुसरं म्हणणं, 'पाचही भाग सारखेच, कुठूनही सुरुवात करा.' हा सल्ला ऐकून कुणी १९८८ च्या 'द डेड पूल' पासून सुरुवात केली तर पहिल्याकडे तो कधीच वळणार नाही. क्रमानेच बघा, आणि प्रत्येक भागात काय बदललं ते बघा. १९७३ च्या 'मॅग्नम फोर्स' मध्ये बिल्ला परत आलेला आहे, तो कसा ते कुणी सांगत नाही. पण तो चित्रपट पहिल्यावर झालेल्या टीकेला उत्तर आहे. समीक्षक पॉलीन केलने 'न्यूयॉर्कर' मध्ये पहिल्याला फॅसिस्ट ठरवलं होतं. म्हणून पटकथाकार जॉन मिलियस आणि मायकल सिमिनो यांनी हॅरीसमोर उभे केले ते गणवेशातले तरुण मोटरसायकल पोलीस, जे सुटलेल्या गुन्हेगारांना स्वतःच ठार करत सुटले आहेत. हॅरी त्यांच्या विरोधात जातो. चित्रपट दोन तासांवर गेला आहे आणि मधला अर्धा तास सैल आहे, तरी त्यातला युक्तिवाद चुकवू नये.

१९७६ च्या 'द एन्फोर्सर' मध्ये टाइन डेली ही अभिनेत्री हॅरीची नवी पोलीस जोडीदार आहे. बढतीच्या मुलाखतीत हॅरी तिला आडवेतिडवे प्रश्न विचारतो तो प्रसंग मला पुढच्या भागांतल्या कुठल्याही गोळीबारापेक्षा मोलाचा वाटतो. शेवटी अल्कट्राझ बेटावर तिला मारलं नसतं तर मालिकेला नवी वाट मिळाली असती. संगीत मात्र या एकाच भागात लालो शिफ्रिनचं नाही, आणि ते जाणवतं.

मग 'सडन इम्पॅक्ट'. ईस्टवुडने स्वतः दिग्दर्शित केलेला हा एकच भाग, आणि कमाईत सगळ्यांत पुढे. कॉफीच्या दुकानातला प्रसंग बांधणीत उत्तम आहे. वेट्रेस काही न बोलता त्याच्या कपात साखर ओततच राहते, दुकानात दरोडा चालू आहे याचा हाच तिचा इशारा. तो ते न बघता बाहेर पडतो, घोट घेतो, थुंकतो आणि मागच्या दाराने परत येतो. पण त्यानंतर जे वाक्य येतं, 'गो अहेड, मेक माय डे', त्यात प्रश्न उरलेला नाही. ते घोषवाक्य आहे. म्हणून तर १९८५ मध्ये अध्यक्ष रेगन यांना ते करवाढीविरुद्धच्या भाषणात जसंच्या तसं वापरता आलं. पहिल्या चित्रपटातलं बोलणं तसं वापरता येत नाही, कारण त्यात 'मी मोजायला विसरलो' ही कबुली आहे. पुढचे भाग नेमके इथे घसरले. पहिल्यात पोलिसाच्या पायात छर्रे घुसतात आणि डॉक्टर पँट कापायला निघतो तर तो पँट कापू देत नाही, कारण ती साडेएकोणतीस डॉलरची आहे. पाचव्यापर्यंत तोच पोलीस शहरात प्रसिद्ध झालेला असतो. बॉम्ब बसवलेल्या खेळण्यातल्या गाडीने केलेला पाठलाग मजेदार आहे, पण पँटची किंमत मोजणारा माणूस त्यात नाही.

ज्यांना लेख वाचून चित्रपट पुन्हा बघायचे आहेत त्यांच्यासाठी एक सूचना. पहिले चारही चित्रपट रुंद पडद्यासाठी, साधारण २.३५ : १ या प्रमाणात चित्रित झाले आहेत. टीव्हीवर वर-खाली काळ्या पट्ट्या दिसल्या की लोक रिमोटवरून 'झूम' लावतात. त्यात दोन्ही बाजू मिळून चित्राचा जवळजवळ चौथा हिस्सा कापला जातो. पहिल्यातला केझर स्टेडियमचा प्रसंग त्यामुळे मातीमोल होतो. रिकाम्या मैदानावर दिवे लागतात, हॅरी स्कॉर्पिओच्या जखमी पायावर बूट दाबून त्याने पळवलेल्या मुलीचा पत्ता विचारतो आणि कॅमेरा हेलिकॉप्टरमधून मागे मागे जात दोघांना धुक्यात सोडून देतो. आपण नजर वळवतो आहोत की दिग्दर्शक आपली नजर काढून घेतो आहे, हा प्रश्न तिथे पडायला हवा. त्यासाठी मैदानाचा रिकामेपणा दिसला पाहिजे. 'झूम' बंद ठेवा. हालचाल गुळगुळीत करणारी सोयही बंद करा, ती सुरू असली की सगळं टीव्ही मालिकेसारखं दिसतं.

आणि जाता जाता एक गोष्ट, जी मला मथळ्याइतकीच लागली. लेखाच्या शेवटी म्हटलं आहे की 'आपल्याकडे असा पोलीस कुणी लिहिलाच नाही.' मराठी वर्तमानपत्रात हे छापून यावं याचं वाईट वाटतं. श्री. दा. पानवलकरांची 'सूर्य' ही कथा, त्यावर विजय तेंडुलकरांची पटकथा, गोविंद निहलानींचं दिग्दर्शन, आणि 'अर्धसत्य' आला तो १९८३ मध्ये, म्हणजे 'सडन इम्पॅक्ट' आला त्याच वर्षी. त्यातल्या अनंत वेलणकर या पोलिसाच्या हातून कोठडीत माणूस मरतो आणि त्यातून सुटायला त्याला रामा शेट्टी या गुंडाच्याच दारात जावं लागतं. केझर स्टेडियमवर हॅरी जे करतो त्याचं पुढे काय होतं, हे इतक्या निर्दयपणे हॅरीच्या पाचही भागांत कुणी दाखवलेलं नाही. हॅरी बिल्ला पाण्यात टाकून चालू लागतो आणि दोन वर्षांनी परत येतो. वेलणकर रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि आपल्याच पोलीस ठाण्यात जाऊन स्वतःला हवाली करतो. दोन्ही चित्रपट एका पाठोपाठ एक बघण्याजोगे आहेत आणि त्यावर पानभर लिहिण्यासारखं आहे.

दुरुस्ती छापणार असाल तर ती रविवार पुरवणीत, त्याच पानावर छापावी. आतल्या पानाच्या कोपऱ्यात चार ओळींत नको. मथळा अर्ध्या पानाच्या टायपात होता.

कळावे,
आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली