दोन नाना आणि एक सही

पुणे, रविवार

प्रिय नले,

तुझे फोन मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू मधेच हसतेस, मग मीही हसते आणि सांगायचं ते राहून जातं. म्हणून हे पत्र. तब्येत बरी आहे, गुडघे आहेत तिथेच आहेत, साखर काठावर.

तर ऐक. वरच्या नानांनी रिडेव्हलपमेंटच्या कागदावर सही केली.

आणि कुणासाठी केली? आपल्या नानासाठी. कुत्र्यासाठी, नले! ज्या माणसाने जनरल बॉडीत उभं राहून ‘माझ्या नावाने कुत्र्यास हाका मारल्या जातात, याची इतिवृत्तात नोंद व्हावी’ असं सांगितलं होतं, तोच हा माणूस. तू तेव्हा सेक्रेटरी, आणि नोंद करायची सोडून खो-खो हसत बसली होतीस. पुढचं वर्षभर ते माझ्याशी बोलले नाहीत. तुझ्याशी बोलायचे, कारण पाण्याच्या टाकीची किल्ली तुझ्याकडे होती. नाव ठेवलं होतंस तूच. मी वाघ्या म्हणत होते. ‘जेजुरीचं नाव आणि सायकल स्टँडमागे थरथरणारं हे ध्यान, शोभेल का?’ म्हणालीस. शिव्या मात्र मी खाल्ल्या. आता बिल्डिंगमध्ये निम्मे भाडेकरू आहेत, उरलेल्यांना काही आठवत नाही. हे सांगून कळेल असं तुझ्याशिवाय माणूस राहिलेलं नाही.

त्यांच्या सहीवाचून कुणाचं कायद्याने अडलं नव्हतं. पूर्वी 75 टक्के संमती लागायची, 2019 पासून 51 पुरते. पण बिल्डरला पुढे कोर्टकचेरी नको, म्हणून तो दर आठवड्याला पेढे घेऊन वर चढायचा. पेढे वरच्या नानांना डायबेटिसमुळे चालत नाहीत, ते खाली आपल्याकडे यायचे. आपला नाना ते वासावरून ओळखतो. वास हे एकच खातं आता त्याच्याकडे पूर्ण चालू आहे.

तू गेलीस तेव्हा त्याच्या डोळ्यांत नुसती निळसर झाक होती. ती म्हाताऱ्या कुत्र्यांना येतेच, त्यातून त्यांना दिसतं. नंतर मात्र दोन्हीकडे खरा मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन होतं, पण या वयात आणि त्याच्या किडन्या बघता भूल द्यायला डॉक्टर राजी नाहीत. कानही गेले. कुकरच्या शिट्टीला उठून भुंकायचा ना, आता शिट्ट्या होऊन भात मऊ पडला तरी हा ढिम्म. बोलवायचं असेल तर मी फरशीवर पाय आपटते, ते त्याला पोटातून कळतं. खालच्या पार्किंगमधला वॉचमन म्हणाला, ‘ताई रोज कुणावर चिडतात?’

एक फायदा सांगते. दिवाळीत हा पलंगाखाली शिरून लघवी करायचा आणि तू त्याच्या कानात कापूस घालायला धावायचीस, आठवतं? यंदा लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी दारात हजाराची माळ लागली आणि महाराज उताणे, चारी पाय वर, घोरत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने दिवाळी साजरी केली म्हण ना.

नले, तरुणपणी तो फार गुणी कुत्रा नव्हता. चप्पल, गाद्या, तुझी ती इरकली. (अजून काढतेस ना ते? काढ.) पण आता जो झालाय तसा सोबती मला दुसरा मिळाला नाही. त्याला माझ्याकडून काही करून घ्यायचं नसतं. मी पेपर वाचते, तो माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडतो आणि पंधरा-वीस मिनिटांनी एकदा उसासा टाकतो. मांजर, जिच्या आजीच्या मागे तो भिंतीवर चढायचा, ती त्याच्या पोटाशी निजते. झोपेत त्याचे पाय पळतात, ओठ थरथरतात. तोंड पार पांढरं झालंय, आणि अंगाला भाकरीच्या पिठाचा वास येतो. हे गेल्यावर घरात बोलायला कुणी नव्हतं असं लोक म्हणायचे. बोलायला नाहीच कुणी. पण दुसऱ्या कुणाचा तरी श्वास ऐकू येणं वेगळं.

त्याचं वय सातने गुणू नकोस हं, ते चूक आहे. डॉक्टरांनी हिशेब सांगितला: पहिल्या वर्षाची 15, दुसऱ्याची 9, पुढे मध्यम चणीच्या कुत्र्याला दरवर्षी 5 धरायची. चौदावं संपलं म्हणजे 84. वरचे नाना 82. मी हे त्यांना सांगितलं तर म्हणाले, ‘म्हणजे मला त्यांना अहो-जाहो करायला हवं.’ आणि खरंच करतात! ‘या नानासाहेब, चला.’ रोज संध्याकाळी दोघं गेटपासून पारिजातकापर्यंत जातात आणि परत येतात. एकाला दिसत नाही, दुसऱ्याच्या हातात काठी, ऐकू दोघांनाही येत नाही. हे सुरू कसं झालं ते मलाही नीट ठाऊक नाही. एकदा मी रिक्षातून उतरले तर दोघं पारिजातकाखाली उभे होते आणि वरचे नाना पेन्शनच्या फरकाबद्दल त्याला काही सांगत होते.

आता मूळ दुखणं. हे घर त्याला पाठ आहे. डोळे गेल्याचं आम्हाला कितीतरी दिवस कळलंच नाही, कारण तो कुठे आपटतच नव्हता. पलंगाचा पाय, ह्यांची खुर्ची, स्वयंपाकघराचा उंबरा, पाण्याचं पातेलं, मागच्या दाराची पायरी, सगळं अंगात भिनलंय. मी एकदा टीपॉय हातभर सरकवला तर तिथे धडकला आणि माझ्याकडे तोंड करून उभा राहिला. आणि आता हे घरच पाडणार. भाड्याचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर आहे, लिफ्ट आहे, गुळगुळीत मोठ्या टाइल्स आहेत. दाखवायला नेला तर चारी पाय चार दिशांना पसरले, आणि उठवून उभा केला तर तिथेच गोठला. मी त्याच्यापुढे पाय आपटला तरी हलेना. खालच्या मजल्यावरची बाई मात्र वर आली.

डॉक्टर म्हणतात, जमेल. त्याचं अंथरूण न धुता न्या, खाट-खुर्ची इथल्यासारखीच मांडा, पाणी एकाच जागी, आणि टाइल्सवर पकड येईल असं काहीतरी अंथरा. म्हणून मी योगा मॅट आणल्या आहेत. दुकानदाराने विचारलं, ‘काकू, कोणता योग?’ पण डॉक्टरांनी हेही सांगितलं की डोकं थोडं विसरू लागलंय. रात्री कधी उठतो आणि दार उघडायची वाट बघत बिजागरीच्या बाजूला उभा राहतो. अशा कुत्र्याला जागा बदलली की जास्त गोंधळायला होतं. मी बोलून बघते, पण कान नाहीत. मग नुसता हात पाठीवर ठेवून वळवते.

सुहास म्हणतो, ‘आई, तू बेंगळुरूला ये, नानाला कुठेतरी ठेवू.’ कुठेतरी! चांगला मुलगा आहे, पण हा शब्द माझ्या मनातून जात नाही. तुझे ह्या बाबतीत काय विचार असतील ते मला ठाऊक आहेत, तरी लिही. पझेशन तीन वर्षांनी, म्हणजे चार. नव्या बिल्डिंगमध्ये नाना येणार नाही, एवढं गणित मला येतं. म्हणजे जे काही उरलंय ते परक्या घरात, आणि त्याला ते घर कधी पाठ होणार? खरं सांगू, बिल्डरच्या परवानग्या अडकाव्यात म्हणून मी चतुर्थीला गणपतीला सांगून आले. सगळ्या बिल्डिंगला नवं घर हवंय आणि मी एकटी उलट नवस बोलतेय.

तर त्या दिवशीची मीटिंग. भाड्याच्या सोसायटीने निरोप पाठवला होता की कुत्रा लिफ्टमधून चालणार नाही. वरचे नाना उठले. खिशातून प्राणी कल्याण मंडळाचं 2015 चं परिपत्रक काढलं, लाल पेनाने खुणा केलेलं. लिफ्ट नाकारता येत नाही, कुत्रा ठेवायला बंदी घालता येत नाही, सगळं वाचून दाखवलं. मग बिल्डरला म्हणाले, ‘यांना आणि मला एकाच इमारतीत, खालच्या मजल्यांवर जागा बघून दे, आत्ता सही करतो.’ त्यांची मुलगी बावधनला न्यायला तयार असताना! बिल्डर म्हणाला, एका कुत्र्यासाठी कशाला, काका? तर म्हणतात कसे, ‘महाप्रस्थानिक पर्व वाच. धर्मराज कुत्र्यासाठी स्वर्गाच्या रथापाशी अडून बसला होता. तुझा तर साधा टेम्पो आहे.’ आणि मग नोंद करा म्हणाले. इतिवृत्तात! मला तू हवी होतीस गं तिथे.

बिल्डर ‘बघतो’ म्हणालाय. सही मात्र त्यांनी आधीच करून टाकली, म्हणजे बिल्डरने शब्द फिरवला तर हातात काही नाही. मी हे त्यांना म्हटलं, तर ऐकू आलं नाही असं दाखवलं.

तुझं काय? सुनेच्या परीक्षेचं काय झालं? बडोद्याच्या घराची गळती काढलीस का? चिमीचे पाय आखडतात म्हणून भावोजी ब्रुफेनची अर्धी गोळी देतात असं तू मागे म्हणाली होतीस. ताबडतोब बंद कर. माणसांची ती गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि किडनीला भोवते. डॉक्टरकडून कुत्र्यांची वेगळी घे, आणि तिचं वजन कमी कर, बाकरवड्या कोण चारतं ते मला माहीत आहे.

शिफ्टिंगची तारीख ठरली की कळवते. ये. सामानाला नको, माणसं लावली आहेत. दिवसभर त्याला गोंगाटापासून दूर घेऊन बसायला ओळखीचं माणूस पाहिजे. त्याला तू दिसणार नाहीस, ऐकू येणार नाहीस, तेव्हा ते नवं शाम्पू-बिम्पू लावून येऊ नकोस. पूर्वीचं माक्याचं तेल चोपडून ये. आणि माझा सोऱ्या आण, चकलीची जाळी धरून.

तुझी,
शकू