विनामूल्य मैफली सुट्टीतही व्हाव्यात

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

महाविद्यालयांच्या गावांत खुल्या मैदानावर होणाऱ्या विनामूल्य मैफली विद्यार्थ्यांना आणि गावकऱ्यांना शेजारी शेजारी बसवतात. मात्र त्यांचे वेळापत्रक सत्राशी बांधलेले असल्याने सुट्टी लागताच रंगमंच ओस पडतो आणि बारमाही रहिवाशांच्या वाट्याला शुकशुकाट येतो.

ध्वनियोजनेकडेही आयोजकांनी लक्ष द्यावे, अशी कळकळीची विनंती आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने घटतो, म्हणून मागच्यांसाठी पुढचे कर्णे चढवले जातात आणि पहिल्या रांगेतली आजी कान झाकलेल्या नातवाला घेऊन उठून जाते. लहान ध्वनिक्षेपक मैदानभर विखरून लावल्यास हे टळेल. प्रवेश विनामूल्य असला, तरी कलाकारांना मानधन मिळालेच पाहिजे.

आपला विश्वासू,
एक श्रोता